परसबागेचा ताळेबंद

निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांत पहिला नंबर शाळेचा. सोसायटीवाले निदान विचारतात, "काका, जमेल का?" शाळा विचारत नाही. नातीला सोडायला फाटकापर्यंत गेलेल्या आजोबांकडं मुख्याध्यापिका बाई नुसत्या बघतात आणि त्या बघण्यातच नेमणूक होऊन जाते. बँकेत होतात ना? मग हिशेब तुमच्याकडं. गाव सांगली ना? मग बागही तुमच्याकडं. सांगलीच्या माणसाला हळद, द्राक्षं आणि ऊस या तीन विषयांवर अधिकारवाणीनं बोलायला स्वतःची जमीन लागत नाही. मार्केट यार्डावरून जाणाऱ्या बसचा पास असला तरी पुरतो. एवढ्या पात्रतेवर मी एका मराठी शाळेच्या बागमंडळाचा पालक-प्रतिनिधी आणि खजिनदार झालो. खजिना नव्हता, पण तो पुढं होईल असं बाईंचं म्हणणं पडलं.

मंडळाचं कागदोपत्री नाव हरित सेना. केंद्रातल्या पर्यावरण मंत्रालयानं 2001-02 साली राष्ट्रीय हरित सेना काढली, तेव्हापासून शाळाशाळांतून ही फौज उभी आहे. आमच्या फौजेत पस्तीस जवान, तीन खुरपी, एक कुदळ आणि एक झारी. सेनापती विज्ञानाच्या बाई. त्यांना हे पद का मिळालं, तर ज्या सभेत जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या त्या सभेला त्या रजेवर होत्या. शाळा असो की बँक, गैरहजर माणसाइतका एकमतानं दुसरा कोणी निवडून येत नाही.

पस्तीस मुलांमध्ये एक झारी असली की काय होतं, ते एकदा बघण्यासारखं असतं. खुरपं कोणाला नको असतं. खुरप्यानं वाकावं लागतं, गवत उपटावं लागतं, नखात माती जाते. झारी धरली की माणूस एकदम अधिकारी होतो. म्हणून आमच्या बागेत प्रत्येक वर्ग पाणी घालायचा. सकाळी पाचवी अ, मधल्या सुट्टीत पाचवी ब, शाळा सुटताना सातवी, आणि "आज आमचा नंबर होता" म्हणून रडत आलेली दोन मुलं समजूत काढण्यापुरती वेगळी. आमची माती काळी. तिच्यात पाणी मुरायला वेळ लागतो आणि मुरलेलं लवकर निघत नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि वांग्याचं रोप मान टाकतं. मान टाकलेली दिसली की मुलांना वाटतं, बिचाऱ्याला तहान लागली. पुन्हा झारी. पहिल्या वर्षी आमची वांगी अशी मायेनं गेली.

मेथीची तऱ्हा वेगळी. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पण चौथीतल्या मुलाला तीन-चार दिवस ही मुदत पटत नाही. एक गडी रोज मधल्या सुट्टीत यायचा, काडीनं माती बाजूला करायचा, दाणा चिमटीत उचलून निरखायचा आणि परत पुरायचा. मी विचारलं, "अरे, काय बघतोस?" तर म्हणाला, "आजोबा, हा आत काय करतोय ते बघतोय." त्याला दम द्यायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यानं तळहातावरचा दाणा पुढं केला. फुगून दुप्पट झालेला, एका टोकाला साल फाटलेली आणि त्या फटीतून पांढरं, केसाएवढं बारीक मूळ वाकून बाहेर आलेलं. इतक्या वर्षांत हजारो वेळा मेथीची भाजी खाल्ली, पण हे काही मी पाहिलेलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून आणखी दोन दाणे उकरले. बाई लांबून बघत होत्या; त्यांनी माझं नाव मनातल्या मनात कुठल्या यादीत टाकलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

पण शाळेच्या बागेची खरी अडचण झारी नव्हे, वेळापत्रक. झाडाचं वर्ष ऊनपावसानं चालतं आणि शाळेचं वर्ष परिपत्रकानं. या दोघांची गाठ घालून देणारी यंत्रणा अजून कोणत्याही सरकारला सापडलेली नाही. पर्यावरण दिन 5 जूनला. आमच्याकडं शाळा उघडतात जूनच्या मध्याला. म्हणजे जगभर झाडं लावण्याच्या दिवशी आमच्या शाळेत एक शिपाईमामा आणि दोन कुत्री असतात. मग शाळा सुरू झाल्यावर उशिरानं पर्यावरण दिन साजरा होतो. एक रोप, त्याला धरलेले अकरा हात आणि समोर फोटो. त्यापेक्षा वनमहोत्सव सोयीचा. तो 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला. मुन्शी मंत्री होते तसे कादंबरीकारही होते. कोणत्या प्रकरणात पाऊस आणायचा ते कादंबरीकाराला कळतं.

हळदीचं बघा. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची. लावणी भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हरित सेना मामाच्या गावाला असते. भेंडीचं बघा. ती दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. ऐन बहरात सहामाही परीक्षा येते, बागेत पाय ठेवायला बंदी होते, आणि पेपर संपवून मुलं येतात तोवर भेंडी वीतभर लांब आणि लाकडासारखी टणक. दिवाळीच्या सुट्टीत टोमॅटो लालभडक होतात. ते कोण खातं, हा प्रश्न पहिल्या वर्षी पालक सभेत जोरात निघाला होता. शिपाईमामांनी शांतपणे सांगितलं, "ज्यानं पाणी घातलं त्यानं." त्यावर सभेत कोणाला बोलता येईना. हळद त्यांनीच लावलेली असते, मेमध्ये वाफे त्यांनीच राखलेले असतात. वार्षिक अहवालात मात्र 'विद्यार्थ्यांनी फुलवलेली परसबाग' असं छापतात आणि शिपाईमामा तो अहवाल स्वतःच वर्गावर्गात वाटून येतात.

मध्यंतरी सेंद्रिय शेतीचं वारं आलं आणि जीवामृत करायचं ठरलं. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीतलं हे जीवामृत. अमरावती जिल्ह्यातल्या या गृहस्थांना 2016 साली पद्मश्री मिळाली. त्याचं माप एकरावर आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आमचा एकर बॅडमिंटनच्या मैदानाएवढा. मी बँकेतला माणूस, विसानं भागून दिलं. दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन. एका आईनं बेसनाची पुडी देताना विचारलं, "एवढ्या बेसनात चौघांचं पिठलं होतं, माहीत आहे ना?" माहीत होतं. गुळाचा प्रश्न आपोआप सुटला. तो बादलीपर्यंत पोचेपर्यंत तीस ग्रॅमच उरला होता, आणि सातवीतल्या तिघांच्या तोंडाला कुलपं लागली होती.

पुढचा पेच ढवळण्याचा निघाला. मिश्रण दिवसातून दोनदा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायचं असतं. मुलांनी विचारलं, "कुठल्या घड्याळाच्या?" प्रश्न बरोबर होता. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात आकडे येतात-जातात, काटा नसतो. मग दोघांना मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठवलं. एक दारात उभा राहून काटा बघून हातानं खूण करायचा, दुसरा बादलीपाशी ढवळायचा. सेकंदकाट्याच्या वेगानं ढवळायचं की मिनिटकाट्याच्या, यावर चर्चा झाली, तीही रास्तच. दोन दिवसांनी त्या बादलीला जो वास सुटला त्यामुळं आठवीच्या भूमितीच्या तासाची पटसंख्या घटली. पालक मात्र असा तरारला की त्यानंतर वासाबद्दल कोणी ब्र काढला नाही. भूमितीचे सर अधूनमधून काढतात, पण ते पालक घरी नेतात हे मी पाहिलेलं आहे.

एवढं सगळं करायला पैसे लागतात. नळाची नळी, वाफ्यांभोवती जाळी, शेणखताची ट्रॉली. शाळेच्या अंदाजपत्रकात खडूचं शीर्ष आहे, स्नेहसंमेलनाच्या हारतुऱ्यांचं आहे, शेणाचं नाही. तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मुलं वस्तू करतील, आपण दिवाळीला विकू. मंडळ स्वावलंबी होईल." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खजिना होणार होता तो हा.

मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळा चालवायची ही कल्पना तशी थोरामोठ्यांची. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनी मांडलं की शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफावं आणि मुलांच्या मालातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्यावर अभ्यासक्रम बेतला, आणि कमाईच्या नादात शिकवायचं राहून जाईल, जपा, असा इशाराही देऊन ठेवला. पुढं कोठारी आयोगानं कार्यानुभव आणला, 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कार्य आणलं. माझ्या पिढीनं टकळीवर सूत काढलं. त्या सुताचं पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, आणि विचारण्याची पद्धत नव्हती. गांधीजींचा हिशेब चोख होता. त्यांनी तयार माल सरकारनं विकत घ्यावा असंही म्हणून ठेवलं होतं. फक्त एक घटक त्यांनी धरला नाही, तो म्हणजे पालक. आमच्याकडं सरकारच्या जागी मुलाची आई असते. कच्चा माल ती देते, पक्का माल ती करते आणि विक्रीच्या दिवशी पर्स घेऊन पहिल्या रांगेत तीच उभी असते.

कच्च्या मालासाठी 'टाकाऊतून टिकाऊ' अशी सूचना वर्गावर्गात गेली. लोकांना घर आवरायला निमित्तच हवं होतं. फुटक्या सीड्या, एकेकटे मोजे, लग्नपत्रिका, ज्यांच्या बाटल्या कधीच गेल्या अशी झाकणं, आणि एका घरातून चालू स्थितीतला पण सुनेला न आवडणारा फ्लॉवरपॉट, असं सगळं दोन दिवसांत येऊन पडलं. मग लक्षात आलं की हवं ते टाकाऊ यात नाहीच. यादीत होत्या आइस्क्रीमच्या काड्या. आइस्क्रीम खाऊन काड्या जमवायच्या तर ऑक्टोबर हीटच्या खोकल्यात सगळा वर्ग आजारी पडेल. तेव्हा एका बाबांनी बाजारातून काड्यांचं नवंकोरं पाकीट आणलं. कोणाच्याही जिभेला न लागलेल्या त्या काड्या टाकाऊ म्हणून वापरल्या गेल्या. एका आईनं सरबताच्या चार बाटल्या विकत आणून सरबत शेजारीपाजारी वाटलं आणि रिकाम्या बाटल्या अभिमानानं जमा केल्या. हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

बाग मात्र इथं मदतीला आली, आणि तीही तिच्या अपयशानिशी. परीक्षेत जून झालेली ती भेंडी! कोवळी भेंडी ठशाला चालत नाही, दाबली की मऊ पडते. जून भेंडी देठाजवळ आडवी कापली की पाच पाकळ्यांचं नेमकं फूल मिळतं. चीक येतो, म्हणून काप जरा वेळ वर्तमानपत्रावर पालथे घालून ठेवायचे, मग रंगात बुडवून कार्डावर टेकवायचे. पहिला ठसा गच्च येतो, दुसरा बरा येतो, तिसऱ्यात पाकळ्यांच्या कडा आणि आतले बियांचे कप्पे वेगवेगळे दिसतात. मुलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. एका पाचवीतल्या मुलीनं ते हेरलं आणि पहिले दोन ठसे रद्दी कागदावर उठवून तिसरा कार्डावर मारायचा नियम केला. दुपारपर्यंत सगळी टोळी तिच्या हुकमतीत होती. आपली सहामाही बुडाली असती तरी चाललं असतं असं तिच्या वडिलांनाही वाटलं असावं, कारण ते बराच वेळ खिडकीतून बघत होते. ज्या भेंडीची भाजी कोणी खाल्ली नसती तिनं त्या दिवाळीत दीडशे शुभेच्छापत्रं दिली. वाळलेल्या शेंगांतलं बी कागदी पाकिटांत भरून वर 'भेंडी, बागेतलं बी' असं लिहून ठेवलं, तेही खपलं.

कागदी पिशव्यांचा विभाग सातवीकडं होता. राज्यात 23 मार्च 2018 ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि शाळाशाळांना पिशव्यांच्या रूपानं कायमचा उद्योग मिळाला. वर्तमानपत्र घ्या, घडी घाला, खळ लावा, वर सुतळीचे कान. काम सोपं, पण वर्तमानपत्राचं कोणतं पान बाहेर यावं याचं काहीच धोरण ठरलेलं नव्हतं. मुलांना खेळाचं पान हवं, ते लगेच संपलं. मग उरली राजकारणाची, शेअर बाजाराची आणि शोकसंदेशांची पानं. एका आजींनी भाऊबीजेची ओवाळणी ठेवायला म्हणून पिशवी उचलली आणि वरच्या 'कैलासवासीं'शी त्यांची नजरानजर झाली. आजींनी हात जोडले, पिशवी अलगद खाली ठेवली आणि विवाहविषयक जाहिरातींची घेतली. त्या पिशवीचे आठ रुपये आले. शोकसंदेशांच्या शेवटी मी स्वतःच घेतल्या. आमच्या वयाला तसं काही वाटत नाही, शिवाय ओळखीचे बरेच निघाले.

पणत्यांची कथा जरा मोठी आहे. कुंभारवाड्यातून साध्या पणत्या आणल्या आणि त्यांवर वारली चित्रं काढायची ठरली. वारली चित्रकलेला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलं, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हे बाईंनी मुलांना सांगितलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं, काडीचे हातपाय, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचा फेर. मुलांनी फेर धरले. एका पणतीवर फेरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. चित्रकाराला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडं लग्नात असंच नाचतात." ती पणती ठेवली.

रंग होते पोस्टर कलर. आता मराठी घरात नवी पणती आणली की आधी पाण्यात भिजत घालतात, म्हणजे ती पुढं तेल पीत नाही. ही रीत प्रत्येक आजीला ठाऊक, शाळेतल्या कोणाला आठवली नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी पणत्या घरी नेल्या, रीतीप्रमाणं बादलीत टाकल्या, आणि तारप्यासकट अख्खा पाडा पाण्यात विरघळला. नरक चतुर्दशीला पहाटे माझा फोन वाजू लागला. अभ्यंगस्नानाच्या आधी तक्रारी ऐकून घेण्याचा मान बँकेतसुद्धा मिळाला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडं पणत्या आधी भिजवून, वाळवून, मग रंगवतात, आणि विकताना मूल प्रत्येकाला बजावतं, "भिजवू नका, आम्ही भिजवलीय."

किमतीचा दिवस माझा. साधी पणती, रंग, ब्रश, टिकल्या, चिकटवायचा गोंद असं करत एका पणतीचा उत्पादनखर्च चौदा रुपये निघाला. मी समितीपुढं कागद ठेवला. समितीतल्या आया म्हणाल्या, "चौदाला कोण घेईल? दहा लावू." मी म्हटलं, "प्रत्येक पणतीमागं चार रुपये जातील." त्यावर एक म्हणाल्या, "मग जास्त विकू या." हा युक्तिवाद मी कर्ज बुडवणाऱ्यांकडून पुष्कळदा ऐकलेला आहे, पण इतक्या निर्मळ मनानं केलेला प्रथमच ऐकला. शेवटी तोडगा निघाला. पणत्या पालकांनी देणगी म्हणून आणायच्या, रंगही घरचे, म्हणजे खर्च शून्य आणि दहाचे दहा नफा. पालकांनी चौदा रुपये देऊन दहा रुपये वाचवले. ताळेबंद जुळला.

आणि मग तो शनिवार. सहामाही संपलेली, व्हरांड्यात बाकं जोडून वर चादरी घातलेल्या, खांबाला आकाशकंदील. गल्ल्यावर मी. सुट्ट्या पैशांचा घोळ नको म्हणून क्यूआर कोड लावला, तो माझ्या फोनचा, कारण मंडळाला स्वतंत्र खातं उघडायचं तर ठराव लागतो आणि ठरावाला गणसंख्या. दिवसभर खिशात दहा-दहा रुपये येत राहिले आणि फोन दर मिनिटाला ओरडत राहिला. घरी मंडळींनी संध्याकाळी विचारलं, "आज कुठं बसला होतात?" तो प्रश्न ज्या स्वरात विचारला गेला, तो स्वर देवळाबाहेर बसणाऱ्यांसाठी राखीव असतो.

विक्रेते म्हणून मुलं एकतर फार चांगली किंवा अगदी कुचकामी, मधलं काही नाही. एक तिसरीतली मुलगी प्रत्येक गिऱ्हाइकाला आपणहून सांगत होती, "ही घेऊ नका काकू, हिला चीर आहे. तीपण नको, ती मी केलीय." दुसरा एक सहावीतला व्यापारी. एका आजींनी विचारलं, "बाळा, दहाला दोन दे की." तो म्हणाला, "आजी, वीसला दोन देतो." आजी "बरं" म्हणाल्या आणि वीस देऊन गेल्या. त्या वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सौदा जिंकल्याचा आनंद होता. हा मुलगा पुढं कुठल्या क्षेत्रात जाईल याची मला थोडी काळजी वाटते.

आता मूळ गोष्ट. बाकावर दोन प्रकारचा माल होता. एक, मुलांनी केलेला. पणतीचा काठ रंगवताना हात हललेला, नाचणाऱ्यांत एकाला तीन पाय, कार्डावर 'शुभ दिपावली'तली वेलांटी चुकलेली. दुसरा, मुलं झोपल्यावर आयांनी रात्री जागून केलेला. सोनेरी नक्षी, एकसारखे आरसे, कुंदन, ग्लू गनचा एक धागासुद्धा लोंबत नाही. दुसरा माल पुढं मांडला होता, कारण शाळेची अब्रू. अकरा वाजता पाहतो तर पुढचा माल जिथल्या तिथं आणि मागच्या ओळी रिकाम्या! लोक पुढची सुंदर पणती उचलत, उलटीपालटी करत, "कुठून आणल्या? छान मिळाल्या हं!" म्हणत आणि ठेवून देत. बाजारात मिळते तशी पणती बाजारात मिळतेच. तीन पायांचा नाचणारा मिळत नाही. तीन पायांची ती पणती तर तिघांनी एकदम धरली होती. शेवटी ज्याच्या मुलानं केली होती त्या बापानं पन्नास रुपये टाकून सोडवून नेली.

आयांचा चेहरा पडला. रात्र-रात्र जागलेल्या होत्या बिचाऱ्या. पण सांगलीच्या बायका शिकतात लवकर. पुढच्या वर्षी समितीत एक आई दुसरीला सांगताना मी ऐकलं, "काठ जरा हलवून रंगव ग, फार नीट येतोय." वेलांट्या मुद्दाम चुकवल्या गेल्या. तीन पायांचे चार नाचे निघाले. पण लोकांना कसं कळतं कोण जाणे, ते खपले नाहीत. मोठ्या माणसानं मुद्दाम केलेली चूक फार नेटकी असते. चौथीतल्या मुलाला जीव तोडून सरळ रेघ मारायची असते आणि ती वाकडी जाते, तिची नक्कल करता येत नाही. त्यानंतर मीच सभेत प्रस्ताव मांडला की आयांनी चहा करावा, मुलांनी पणत्या. एकमतानं मंजूर झाला. झोपेची थकबाकी बरीच होती, त्यामुळं कोणी दुरुस्तीही सुचवली नाही.

आणि एवढं करून सगळ्यात आधी काय संपतं सांगू? मेथी. पणत्या, कार्डं, पिशव्या, कंदील सगळं बाजूला राहतं आणि शिपाईमामांनी पहाटे उपटून, मुळं धुऊन, केळीच्या सोपटानं बांधलेल्या मेथीच्या जुड्या आणि गवती चहा अर्ध्या तासात जातो. गवती चहाला तर रांग लागते. ज्या बागेसाठी पैसे उभे करायला हस्तकला काढली, ती बाग हस्तकलेच्या दुकानात हस्तकलेपेक्षा जास्त कमावते. मी ही आकडेवारी सभेपुढं ठेवली आणि सुचवलं की सरळ भाजीच लावू. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मग मुलांनी करायचं काय?" हा प्रश्न गांधीजींच्याही पुढं आला असता तर ते थांबले असते, मी तर खजिनदार.

त्या वर्षीच्या नफ्यातून नळाची नळी आली. ती नळापासून वाफ्यापर्यंत जाते, पण शेवटचे दोन हात कमी पडतात, कारण मोजमाप सातवीनं केलं होतं आणि नफाही तेवढाच होता. त्या दोन हातांसाठी झारी अजून लागते, आणि झारीसाठी भांडणं.

यंदाही सहामाही संपेल त्या शनिवारी व्हरांड्यात बाकं लागतील. तुमच्या गावातल्या शाळेतही लागत असतील. जा. सुट्टे पैसे न्या, आणि खजिनदाराच्या फोनवर दहा रुपये पाठवण्याआधी त्याच्या बायकोचा विचार करा. मागच्या ओळीतलं घ्या. विकणारं पोर "ही घेऊ नका, ही मी केलीय" म्हणालं तर नेमकी तीच घ्या. भाव करू नका, केलात तर सहावीतल्या त्या पोराशी करू नका. पणती भिजवू नका. आणि मेथी हवी असेल तर नवाच्या आत पोचा. नंतर मिळणार नाही, मी सांगून ठेवलेलं बरं.